केबल काढून बघितली म्हणून कळलं

घरच्या फोटोंसाठी एक छोटा सर्व्हर करायचा होता, 1 टीबीच्या दोन हार्डडिस्क, डेबियन लिनक्स, आणि सॉफ्टवेअर रेड 1, म्हणजे एक डिस्क गेली तरी दुसरीवर सगळं जसंच्या तसं. दोन संध्याकाळी गेल्या यात. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतेय.

पहिली अडचण इन्स्टॉलरमध्येच. पार्टिशन करायला गेले तर डिस्क बिझी आहे म्हणे. ऑल्ट एफ2 दाबून शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या स्क्रीनवर) गेले, प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल (रेडची स्थिती दाखवणारी) बघितली तर एमडी127 नावाचा ॲरे, म्हणजे रेडने जोडलेल्या डिस्कचा गट, आधीच उभा! या डिस्क पूर्वी एका नास डब्यात (नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या) होत्या, त्याचा जुना सुपरब्लॉक (रेडची माहिती ठेवणारा भाग) तसाच राहिला होता. नवीन पार्टिशन टेबल लिहिलं तरी हा पुसला जात नाही, कारण तो पार्टिशनच्या आत असतो, 1.2 फॉरमॅट असेल तर सुरुवातीपासून 4 केबीवर आणि 1.0 असेल तर पार शेवटाला. एमडीएडीएम या रेडच्या कमांडने आधी ॲरे स्टॉप केला, मग त्यातल्या प्रत्येक पार्टिशनवर झीरो सुपरब्लॉक चालवलं, मग इन्स्टॉलर परत सुरू केला आणि निमूट पुढे गेला. (हे करण्याआधी डिस्कवर काही हवं असेल तर काढून घ्या, नंतर रडून फायदा नाही.)

इन्स्टॉल झालं, दोन्ही डिस्क सारख्या करणारं सिंक पूर्ण झालं, एमडीस्टॅटमध्ये यूयू दिसलं, म्हणजे दोन्ही डिस्क ठीक. इथेच बरेच जण थांबतात. मी मशीन बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढली आणि चालू केलं, तर बूट करायला काही सापडतच नाही असा मेसेज. डेटा दोन्हीकडे होता, पण बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम, इथे ग्रब) ज्या ईएफआय पार्टिशनमध्ये असतो ते फक्त पहिल्या डिस्कवर होतं. मदरबोर्डच्या फर्मवेअरला रेड कळत नाही, त्याला साधं फॅट फॉरमॅटचं पार्टिशन लागतं, म्हणून ते 1.2 वाल्या रेडमध्ये टाकून चालत नाही. 1.0 वापरून (सुपरब्लॉक शेवटाला असल्याने) जमवतात काही जण, पण फर्मवेअरने परस्पर एका बाजूला काही लिहिलं तर दोन्ही कॉपी वेगळ्या होतात आणि रेडला पत्ताच नाही, म्हणून मला ते पटत नाही.

मग दुसऱ्या डिस्कवर 512 एमबीचं वेगळं ईएफआय पार्टिशन (जागा आधीच सोडली होती, तुम्हीही सोडा), त्यात फाइल्स कॉपी, आणि ईएफआयबूटएमजीआर कमांडने फर्मवेअरच्या बूट यादीत दुसरी एंट्री. परत केबल काढली. या वेळी ग्रब आला, कर्नल आला, आणि दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड! एफएसटॅबमध्ये (बूट होताना कोणती पार्टिशन जोडायची ती यादी) पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनची यूयूआयडी (ओळख क्रमांक) होती, ते पार्टिशन नाही म्हणून बूटची कामं चालवणारं सिस्टिमडी अडून बसलं. त्या ओळीत नोफेल (नसलं तरी पुढे जा) घातल्यावर सुटलं.

ग्रब अपडेट झाला की दुसरीकडची कॉपी आपोआप बदलत नाही, त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहिलीय.

अजून एक, केबल परत लावली तरी ती डिस्क आपणहून ॲरेमध्ये येत नाही, एमडीएडीएमने ॲड करावी लागते. ॲरेवर बिटमॅप (कुठे बदल झाला त्याची नोंद) चालू असेल तर मधे जेवढं बदललं तेवढंच सिंक होतं, माझं बघता बघता झालं, पहिल्यांदा तास गेले होते. मग दुसरी डिस्क काढूनही तसंच करून बघितलं. दोन्ही वेळा लॉगिन आलं. आता परत यूयू आहे, उद्या आईच्या फोनमधले फोटो चढवायला घेते.