जाळीचं कपाट आणि कावीचा रंग

सासूबाईंचं मत, ते जाळीचं कपाट भंगारवाल्याला द्यावं. आमच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, पाठची फळी नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाला, “फणस आहे बाय, देऊ नकोस.” गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरात सुतारकामात मेस्ताचा शब्द शेवटचा, त्यामुळे कपाट राहिलं.

फ्रीज यायच्या आधी दूध, लोणी, उरलेली आमटी सगळं यातच असायचं. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. मुंग्या चढल्या नाहीत, पण वर्षानुवर्षं पाण्यात राहून चारही पायांचे तळ कुजले. अंगावर हिरव्या ऑइल पेंटचे थर होते, चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की घराबरोबर कपाटालाही एक हात मारायचा या रिवाजातले. जाळीची भोकंसुद्धा रंगाने बुजली होती.

खरं तर मला पॉलिशच आवडतं. पण मेस्ताने पायांना दुसऱ्या लाकडाचे तुकडे जोडले, एक फळी बदलली, काही ठिकाणी लांबी (पुटी) भरावी लागणार होती. पॉलिशखाली हे सगळं ठिगळ दिसलं असतं. शिवाय रेषांमध्ये मुरलेला हिरवा रंग पुरता निघत नाही. असं लाकूड रंगवावं, त्यात कमीपणा नाही.

जुना रंग काढणं हे यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात जपून करायचं काम. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारा नियम २०१६ चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. आमच्या कपाटाचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. त्यामुळे कोरडा पॉलिश पेपर अजिबात नाही. धूळ उडते, ती श्वासात जाते, आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वांत जास्त. मागच्या अंगणात प्लास्टिक अंथरलं, रिमूव्हर लावून रंग मऊ केला, पट्टीने ओढून काढला, उरलेलं वॉटर पेपरने ओलं ठेवूनच घासलं. तोंडाला एन-९५ मास्क. निघालेला गाळ पिशवीत बांधून वेगळा ठेवला, माडाच्या आळ्यात टाकला नाही. नणंदेच्या मुलांना तेवढे दिवस मागच्या दारी बंदी होती, त्यावरून घरात थोडी कुरबुरही झाली. जाळी गंजलेली होती, ती फेकून स्टीलची नवी घेतली. किड्यांच्या बारीक भोकांत सिरिंजने वाळवीचं औषध सोडलं.

आता फणस. हे लाकूड मुळातच पिवळं, आणि त्याच्या गाभ्यात खरोखरीचा रंग असतो. बौद्ध भिक्षूंची वस्त्रं पूर्वी याच लाकडाच्या भुश्याने रंगवत. कापडाला जे चढतं ते तुमच्या पांढऱ्या रंगातूनही वर येणारच. मेस्ताने बजावलं होतं म्हणून पाठीमागे एका कोपऱ्यात नुसता पाण्याचा पांढरा प्रायमर लावून पाहिला. सकाळी तिथे हळदीचा हात लागल्यासारखा डाग. यावर जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे लाख. लाखदाणा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचा, गाळायचा आणि दोन पातळ हात द्यायचे. लाखेचा थर तो पिवळेपणा आतच अडवतो. फक्त हवा दमट असेल तर लाखेवर पांढरट साय धरते. म्हणून ऊन चांगलं तापल्यावरच हे काम करायचं, संध्याकाळी नाही. आणि पावसात तर नाहीच. मी शिगमा (होळीचा सण) झाल्यावर सुरुवात केली ती याचसाठी. पायांचे तळ आणि फळ्यांची कापलेली टोकं यांना लाख जास्तीची पाजली, कारण पाणी तिथूनच आत शिरतं.

रंग चॉक पेंटचा घ्यायचा ठरवला. अ‍ॅनी स्लोन या इंग्लंडमधल्या बाईंनी १९९० मध्ये तो बाजारात आणला. खडूसारखा मॅट आणि बहुतेक पृष्ठभागांना धरून बसणारा. आयात केलेला डबा महाग पडतो. मी तीन भाग इमल्शनला एक भाग खडूची पावडर घेतली. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवायची, थेट रंगात टाकली तर गुठळ्या होतात.

आधी मनात समुद्री निळा होता. हल्ली किनाऱ्यावरच्या प्रत्येक कॅफेत तसली निळी, मुद्दाम कोपरे घासलेली कपाटं दिसतात, आणि ती पाहून पाहून माझा उत्साह गेला. त्याच सुमारास मोरजाईच्या देवळात जाणं झालं. मोरजीच्या या देवळात कावीचं काम आहे. शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबड्या कावेचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. म्हणजे चित्र रंग लावून नाही, रंग काढून होतं. हे लाकडावर का होऊ नये?

काव तांबडी दिसते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे. आपला चिरा, म्हणजे जांभा दगडही त्याच्यामुळेच तांबडा. म्हापशाच्या बाजारातून लादीत घालतात ती लाल ऑक्साइड पावडर आणली आणि घरच्या चॉक पेंटमध्ये मिसळली. सगळं कपाट बाहेरून पांढरं केलं आणि तो थर चांगला आठवडाभर कडक होऊ दिला. मग दाराच्या चौकटी आणि खणांचे दर्शनी भाग यांवरच तांबड्याचा एक पातळ हात दिला.

सगळी मेख खरवडायच्या वेळेत आहे. रंग ओला असेल तर टोकाबरोबर ओढला जातो, पार सुकला तर रेघेच्या कडेने पापुद्रे निघतात. बोटाला लागत नाही पण नखाची खूण उमटते, तेव्हा बसायचं. म्हणून एका वेळी एकच पट्टी रंगवायची, ती संपवायची, मग पुढची. हत्यार म्हणून भाच्याच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं. त्याच्या टोकाने रेघा, आणि पेन्सिलीच्या जागी दाभण बांधून वर्तुळं. वर्तुळात वर्तुळं गुंफली की कावीतली ती सहा पाकळ्यांची फुलं आपोआप उभी राहतात, चित्रकला येत नसली तरी. देवदेवता मुद्दाम टाळल्या, स्वयंपाकघरातल्या कपाटाला वेलबुट्टी पुरे. रेघ जिथे खोल गेली तिथे पांढऱ्याखालचा लाखेचा तांबूस थरही डोकावतो. तो मी तसाच ठेवला.

वरून मेण लावा असं चॉक पेंटवाले सांगतात. आपल्या हवेत मला ते पटलं नाही. एका फळीवर लावून पाहिलं तर मे महिन्यात हाताला चिकट लागत होतं आणि त्यावर धूळ बसत होती. मी पाण्यातल्या मॅट पीयूचे (पॉलियुरेथेन व्हार्निशचे) पातळ हात दिले. पहिला हात हलकाच, नाहीतर तांबडा सुटून पांढऱ्या रेघांत उतरतो. आतून कपाट रंगवलंच नाही. खाण्याच्या वस्तू ठेवायच्या, तर आत नुसतं घासलेलं फणसाचं लाकूड. दारं बसवताना मेस्ताने कडेला थोडी फट सोडली, पावसात लाकूड फुगतं त्यासाठी. तरी जुलैत उजवं दार जरा घासतंच.

कपाटात आता चहाचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या असतात. सासूबाईंनी मध्येच विचारलं, चवथीच्या चौरंगालाही अशीच नक्षी काढशील का? तो शिसवी आहे, कोरीव पायांचा, एकही भेग नाही. मी सरळ नाही म्हटलं. त्याला या वर्षी लाखेचं पॉलिश होईल, तेही मेस्ताच्या हातून.