दोन ओपिनेल, एक खिसा

आज तासभर दोन घडीचे चाकू हातात घेऊन बसलो होतो. दोन्ही फ्रान्सचे ओपिनेल, आठ नंबर: बीचच्या लाकडाची मूठ, ८.५ सेंटिमीटरचं पातं, पातं अडकवायला फिरती कडी (ही १९५५ मध्ये आली). फरक फक्त पोलादाचा: एकाचं कार्बनचं, दुसऱ्याचं स्टेनलेस. कार्बनचं पातं दगडावर पटकन धार घेतं आणि कांदा-लिंबू कापून कापून करडं होत जातं. मला तो रंग फार आवडतो! पण पावसाळ्यात राजगडावर, ओल्या सॅकमध्ये दोन दिवस? गंजणारच. शेवटी स्टेनलेस घेतला. लाकूड मात्र ओलीने दोन्हींचं फुगतं, मग पातं उघडत नाही. तेव्हा मुठीचं मागचं टोक दगडावर हलकेच आपटायचं, पातं थोडं वर येतं. रविवारी काकडी याच चाकूने कापणार.