शाळा होती ते घर

आम्ही राहतो ते घर न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, रॉचेस्टरपासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि मुळात ती एका खोलीची शाळा होती. हे खरेदीच्या कागदपत्रांतून कळले असले, तरी खरी ओळख भिंतींनी करून दिली. समोरची भिंत मुठीत मावतील अशा गुळगुळीत गोट्यांच्या ओळींची आहे. कोपरे आणि खिडक्यांच्या कडा मात्र लाल विटांच्या आहेत.

हिमयुगातील बर्फाने उत्तरेकडून ओढून आणलेले दगड या प्रदेशात मागे राहिले आणि आँटेरिओ सरोवराच्या काठावर लाटांनी त्यांना घासून गोल केले. शेतकऱ्यांच्या दृष्टीने ते नांगराच्या आड येणारे संकट होते, म्हणून ते वेचून बांधावर टाकले जात. साधारण १८२५ ते १८६० या काळात याच फुकटच्या दगडांतून घरे, चर्च आणि शाळा उभ्या राहिल्या, आणि अमेरिकेतील अशा बहुतेक इमारती रॉचेस्टरच्या आसपासच आहेत. १८२५ मध्ये बोटींतून मालवाहतुकीसाठी खणलेला ईरी कालवा पूर्ण झाल्यावर मोकळ्या झालेल्या गवंड्यांनी ही पद्धत रुजवली, असे सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते, कारण बरीचशी बांधकामे त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी झालेली आहेत; कालव्याने गहू बाजारात पोहोचवला आणि शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला, हे कारण मला अधिक पटते.

गोटे दिसतात ते केवळ बाहेरच्या अंगाला. आतला जाड गाभा ओबडधोबड दगड आणि चुन्याचा असतो. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे एका दिवसात थोडेच थर रचता येत. गोल दगडांनी नीट कोपरा साधत नाही, म्हणून तेथे सहसा खाणीतला घडीव दगड लावत. आमच्या शाळेला विटा लागल्या, त्या बहुधा स्वस्त पडल्या म्हणून. वर्गणी देणारे शेतकरीच होते, असा आपला माझा तर्क.

या राज्यात १८१२ च्या कायद्याने शाळांचे छोटे छोटे जिल्हे, म्हणजे आपापली शाळा चालवणारे परिसर, आखले गेले, परंतु शिक्षण लगेच मोफत झाले नाही. सरकारी मदत आणि स्थानिक कर यांतून न भागलेला खर्च मुलांच्या हजेरीच्या दिवसांनुसार पालकांकडून वसूल होई आणि ही पद्धत १८६७ मध्ये संपली. याचा अर्थ मूल जितके नियमित, तितके बिल मोठे; गरिबाने मुलाला शेतावर ठेवले असेल तर त्याला दोष कसा द्यावा? पुढे १९२५ च्या कायद्याने जिल्हे एकत्र करण्यास चालना मिळाली, मुले बसने मोठ्या शाळांत जाऊ लागली आणि रिकाम्या इमारती विकल्या गेल्या. जवळच्या चाइल्ड्स गावातील १८४९ ची अशीच शाळा १९५२ पर्यंत भरत होती; ती आज संग्रहालयाचा भाग आहे. आमच्या शाळेच्या नशिबी स्वयंपाकघर आले.

आधीच्या कोणी मालकाने उत्तरेकडच्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या, आणि तेच आमचे सर्वांत मोठे दुखणे आहे. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती अडवते. हिवाळ्यात ते पाणी गोठून फुगते आणि गोटे एकेक करून सुटू लागतात. छिन्नीने सिमेंट काढून पुन्हा चुना भरण्याचे काम कडाक्याची थंडी सरल्यावरच करता येते. मागच्या उन्हाळ्यात आमचा जेमतेम चार फुटांचा पट्टा झाला. निखळलेले गोटे आकारानुसार तीन बादल्यांत दाराशी ठेवले आहेत.