लग्नपत्रिकांचा कंदील आणि चोवीस घुबडं

गेल्या मंगळवारी, 11 नोव्हेंबरला, संध्याकाळी साडेपाच वाजता इथे जर्मनीत मिट्ट काळोख पडला होता आणि लेकीच्या शाळेच्या पटांगणात चोवीस घुबडं उजळली होती. त्यातलं एक माझ्या मुलीच्या हातात होतं. माझ्या खांद्यावरच्या पिशवीत मात्र दुसराच कंदील होता, लग्नपत्रिकांचा, परळहून आणलेला, घडी घालून ठेवलेला. तो मिरवणुकीत काढायचा नाही, हे मला आठवडाभर आधी स्पष्ट सांगितलं होतं. तरी मी तो घेऊन गेले होते.

यंदा दिवाळी आणि इथली शरदाची सुट्टी एकत्र आली. पाच वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला दिवाळीला मुंबई गाठता आली. लेक सात वर्षांची, दुसरीत आहे. दिवाळी म्हणजे कोलोनजवळच्या आमच्या घराच्या खिडकीतली विजेची माळ आणि व्हिडिओ कॉलवर दिसणारा फराळ, एवढंच तिला ठाऊक. या खेपेला तिला नुसतं नातेवाइकांकडे फिरवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. माझी वहिनी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते आणि तिच्याकडेही यंदा दुसरीच आहे. मुख्याध्यापकांची परवानगी काढून तिने सुट्टीआधीचे शेवटचे दोन दिवस लेकीला वर्गात बसवून घेतलं.

पहिल्या तासाला लेकीने "मामी" अशी हाक मारली आणि अख्ख्या वर्गाने तिला समजावलं, शाळेत बाई म्हणायचं. मधल्या सुट्टीपर्यंत सगळा वर्गच वहिनीला मामी म्हणायला लागला होता.

त्या दिवशी कार्यानुभवाला कंदील होते. मुलांनी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणायच्या होत्या. कुणी पिशवी भरून आणल्या, कुणी दोन, काहींनी एकही नाही. वहिनीने मधोमध सतरंजी अंथरली आणि सगळ्यांच्या पत्रिका तिच्यावर ओतल्या. मग एकेकाने येऊन बारा-बारा उचलायच्या. पत्रिकेवरचा गणपती कापायचा नाही, तो आधी अलगद कातरून बाईंच्या खोक्यात ठेवायचा, हा पहिला नियम. मग पट्ट्या कापायच्या, वरच्या टोकाला एक पिन, खालच्या टोकाला एक, आणि पट्ट्या फुलवल्या की गोल कंदील तयार. खाली पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या. लेकीच्या कंदिलाच्या एका पट्टीवर "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" असं छापलेलं आहे. ते तिने अक्षर लावत लावत वाचलं. मराठी छापील ओळ तिने पहिल्यांदा स्वतःहून वाचली ती ही. मी दाराबाहेर उभी होते, मला रडू आवरेना.

आमच्या चाळीत दादा अजून कामट्यांचा षटकोनी कंदील करतो, मैद्याची खळ लावून, कागदी करंज्या चिकटवून. तोही तिने पाहिला. पण तिचा जीव जडला तो स्वतःच्या पत्रिकांच्या कंदिलावर. पिना काढून, पट्ट्या सपाट करून, एका वहीत घालून तो आमच्यासोबत विमानात आला.

मुंबईतल्या या शाळेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथल्या आमच्या भारतीय मित्रमंडळींत "पालिकेची शाळा" म्हटलं की चेहरे पडतात. वर्गाबाहेरच्या फलकावर जूनपासूनचे फोटो होते. प्रवेशोत्सवाला पहिलीची मुलं हातात गुलाब घेऊन उभी. आषाढी यंदा रविवारी आली म्हणून दिंडी आदल्या दिवशी काढलेली. वडाळ्याच्या विठ्ठलाकडे त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून शाळेपासून नाक्यापर्यंत आणि परत. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला विठ्ठल कमरेवर हात ठेवून इतका गंभीर उभा होता की त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटले. घटस्थापनेनंतरचा भोंडला, पाटीवरचा हत्ती, मुलगेही फेरात. वहिनीच्या पटावर 28 मुलं आहेत, त्यातल्या निम्म्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत, आणि तरी भोंडल्याची खिरापत ओळखायला तीच सगळ्यांत पुढे होती. दप्तर, गणवेश, बूट, वह्या धरून 27 वस्तू पालिका मुलांना फुकट देते. पालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात. जर्मनीतल्या कुठल्या शहराने आठ भाषांत प्राथमिक शाळा चालवून दाखवाव्यात, असं मी परवा एका पालकाला म्हटलं. आवाज थोडा चढलाच माझा.

भाऊबीज करून आम्ही परतलो. शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात वर्गात कंदिलांचं काम निघालं.

संत मार्टिनचा दिवस तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. मार्टिन हा चौथ्या शतकातला रोमन सैनिक. थंडीत कुडकुडणारा एक भिकारी दिसला तेव्हा त्याने तलवारीने आपला झगा कापून अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. पुढे तो फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप झाला आणि 397 साली 11 नोव्हेंबरला त्याचं दफन झालं. त्याच्या नावाने ऱ्हाइन नदीकाठच्या या भागात गावोगावच्या शाळा कंदिलांची मिरवणूक काढतात. पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन, मागे मुलं, मागे पालक, शेवटी मोठी शेकोटी. याच तारखेला सकाळी 11 वाजून 11 मिनिटांनी कोलोनमध्ये कार्निव्हलचा मोसमही सुरू होतो, पण संध्याकाळ मुलांची.

लेक आनंदाने आपला कंदील घेऊन वर्गात गेली आणि संध्याकाळी गप्प घरी आली. बाई म्हणाल्या, सुंदर आहे, पण मिरवणुकीत सगळ्या वर्गाचे कंदील एकसारखे असतात. यंदा घुबड ठरलं आहे.

मला ते फार लागलं. इतकं का लागलं हे मी अजून तपासते आहे. इथे आल्यापासून मी नियमांशी भांडलेली नाही. रविवारी काचेच्या बाटल्या त्यांच्यासाठीच्या पेटीत टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून, टाकत नाही. वाढदिवसाला वर्गात काय वाटायचं, किती वाटायचं, सगळं पाळते. पण लेकीने हाताने केलेला, तिच्या मामीच्या शाळेतला, तिने वाचलेल्या पहिल्या मराठी ओळीचा कंदील "यात बसत नाही" म्हणून बाजूला ठेवायचा? आणि त्याच्या जागी काय, तर घुबड! आईला फोनवर सांगितलं. तीही चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "अगं, लक्ष्मीचं वाहन ते. धरू दे." मला तेव्हा आईचाही राग आला.

रात्री बसून मी बाईंना मोठं पत्र लिहिलं. दिवाळी काय, कंदील काय, सगळं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शाळा सुटल्यावर बोलावलं आणि लहान मुलांच्या खुर्च्यांवर आम्ही समोरासमोर बसलो. त्या म्हणाल्या, पूर्वी कंदील घरून यायचे. कुणाचे वडील आठवडाभर खपून दिवे लुकलुकणारं जहाज करायचे, कुणी दुकानातून महागाचा आणायचं, आणि दरवर्षी दोन-तीन मुलं आजारी पडायची. आजारी म्हणजे, मिरवणुकीला यायचीच नाहीत. एक वर्ष तर नुकतंच दुसऱ्या देशातून निर्वासित होऊन आलेलं कुटुंब होतं, त्यांना कंदील आणायचा असतो हेच कळलं नव्हतं. तेव्हापासून सगळे कंदील वर्गातच होतात, शाळेच्या वेळात. चीजचे गोल रिकामे खोके महिनाभर आधीपासून एका मोठ्या खोक्यात जमा करायचे, कुणी किती आणले याची नोंद नाही. चीजच्या खोक्याचा तळ आणि झाकण वर-खाली, मध्ये रंगीत पारदर्शक कागदाचं पोट असलेलं घुबड, आत काठीच्या टोकाला छोटा दिवा. पहिलीच्या पालकसभेत हे सांगितलं होतं. त्या सभेला मी हजर होते, पण तेव्हा मला जर्मन नीट कळत नव्हतं आणि विचारायला मी लाजले होते.

त्या "आजारी पडायची" म्हणाल्या आणि मला आमच्या वर्गातली एक मुलगी आठवली. 1996 साल असेल. स्नेहसंमेलनात आमचा कोळीनृत्याचा नाच होता, ड्रेस भाड्याचे, प्रत्येकी तीस रुपये. तिचे आले नाहीत. महिनाभर ती आमच्याबरोबर नाचली, पहिल्या रांगेत, सगळ्यांत छान. कार्यक्रमाच्या दिवशी तिने पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि विंगेत बसून राहिली. नाच चालू असताना ती बसल्या जागी हातांनी सगळ्या हालचाली करत होती. मला ती स्टेजवरून दिसत होती. कुणी काही केलं नाही. मीही नाही. मी नऊ वर्षांची होते, हे खरं आहे, पण घरी येऊन आईलासुद्धा सांगितलं नाही, हेही खरं आहे.

आणि मग ती सतरंजी आठवली. वहिनीने पत्रिका एकत्र ओतल्या होत्या, ते पसारा नको म्हणून नव्हे. मी दोन दिवस दाराबाहेर उभी राहून फोटो काढत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

म्हणजे मला नियम पटला. पण पूर्ण नाही, हेही इथे लिहून ठेवते. कारण याच देशात बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीत संपते (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीत), आणि दहा वर्षांच्या मुलाने पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जावं याची शिफारस शिक्षक लिहून देतात. विद्यापीठाकडे जाणारी वाट एका शाळेतून, हातकामाच्या धंद्यांकडे जाणारी दुसरीतून. सातव्या वर्षी कंदील एकसारखे आणि दहाव्या वर्षी मुलांच्या वाटा वेगळ्या? हे मी बाईंना विचारलं. त्यांनी ते खोडून काढलं नाही. त्या म्हणाल्या, तो कागद लिहिताना मला झोप लागत नाही. आपल्याकडेही बालवाडीपासून फीवरून वाटणी होते, ते मला माहीत आहे. तरी पालिकेच्या त्या वर्गात भाजीवाल्याचा आणि शिपायाचा मुलगा एका बाकावर असतात आणि दहाव्या वर्षी त्यांना कुणी वेगळं काढत नाही, हे मला सांगायचंच होतं.

वहिनीने मला या भेटीत "तुम्ही परत कधी येणार" असं एकदाही विचारलं नाही. तरी मी तिला दोनदा सांगितलं की लेक इथे एकटी चालत शाळेत जाते, चौथीत पोलीस येऊन मुलांची सायकलची परीक्षा घेतात, परळच्या नाक्यावर तिला एकटीला रस्ता ओलांडू देण्याचा धीर मला झाला नसता. वहिनी म्हणाली, "हो ना." आणि डब्यात चकल्या भरत राहिली.

मिरवणूक निघाली. पोलिसांनी गावातला मुख्य रस्ता बंद केला होता. आमच्याकडेही दिंडीसाठी हवालदार बस थांबवतो, हे मी शेजारच्या आईला सांगून टाकलं. घराघरांच्या खिडक्यांत दिवे लावलेले होते, म्हातारी माणसं दारात येऊन हात हलवत होती. दीडेकशे मुलं गात चालली होती, घोड्याच्या टापा पुढे ऐकू येत होत्या, आणि थंडीने माझी बोटं बधिर झाली होती. माझी मुलगी कुठली, हे काही केल्या कळेना. चोवीस घुबडं, चोवीस टोप्या, सगळ्या सारख्या. पहिल्यांदा जीव घाबरला. मग शोधणं सोडून मी नुसती बघत चालत राहिले.

शेकोटी गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाने पेटवली होती. तिथे प्रत्येक मुलाला एक वेकमान मिळतो, गोडसर पावाचा माणूस, मनुकांचे डोळे, तोंडात पांढरी मातीची चिलीम. तो मोडून अर्धा दुसऱ्याला द्यायचा असतो. लेकीने आपला मोडला, डोक्याकडचा भाग मैत्रिणीला दिला आणि पायांचा मला आणून दिला. स्वतःला काही ठेवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, मैत्रीण तिच्यातला देणार आहे ना.

पत्रिकांचा कंदील मी पिशवीतून काढला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनीच तो मागून घेतला. आता तो वर्गाच्या खिडकीत टांगलेला आहे, आणि पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी मी वर्गात जाऊन सगळ्यांकडून तसे करून घेणार आहे. चोवीस मुलांना लागतील तेवढ्या लग्नपत्रिका इथे कुठून आणणार? दादा चाळीत गोळा करतोय. गणपती आधीच कातरून ठेव, असं त्याला सांगितलं आहे.

घुबडाचा फोटो पाहून वहिनीने नमुना मागितला. तिला तिच्या वर्गात तसे करायचे आहेत, पण चीजचे गोल खोके परळमध्ये मिळत नाहीत. मी म्हटलं, पाठवते. डिसेंबरात ओळखीचे एक जण मुंबईला जातायत. शेजारच्या दोन घरांनाही सांगून ठेवलं आहे. काल रात्रीपर्यंत माझ्याकडे अकरा जमले होते.

वहिनीचा सकाळी निरोप आला. "अठ्ठावीस असतील तरच पाठव. सत्तावीस आले तर मी वर्गात काढायची नाही."