पांढरं पिवळं दिसतंय

"सर, पांढरं पिवळं दिसतंय," माझ्या हाताखाली फोटो रिटच करणारा पोरगा सोमवारी म्हणाला होता. मी त्याच्या स्क्रीनकडे न बघताच "डोळे थकलेत, एक चक्कर मारून ये" म्हटलं. गुरुवारी कळलं, डोळे ठणठणीत होते.

तोवर कॅटलॉगचे १४० फोटो रिटच झाले होते. माझ्या मॉनिटरवर उघडले तर सगळ्यांवर निळी झाक. पहिला संशय अर्थातच पोरावर. मग फाइलवर. एम्बेड केलेली प्रोफाइल (कोणता आकडा म्हणजे कोणता रंग, हे सांगणारी नोंद) नेहमीची एसआरजीबी, बरोबर. फोटोशॉपची वर्किंग स्पेस, म्हणजे काम करायची रंगांची चौकट, बरोबर. छापल्यावर रंग कसे दिसतील ते दाखवणारं प्रूफ कलर्स बंद (कंट्रोल-वाय म्हणजे रिडू समजून पुष्कळ जण ते चालू करून बसतात). काहीच सुचेना तेव्हा सगळे जे सांगतात तेही केलं, फोटोशॉप काढून पुन्हा टाकलं. तीन तास गेले.

शेवटी त्याच्या मशीनवर नवी कोरी पांढरी फाइल उघडली. रंगाचे आकडे दाखवणाऱ्या इन्फो पॅनेलमध्ये २५५, २५५, २५५, म्हणजे शुद्ध पांढरा. पडद्यावर मात्र जुन्या वहीच्या पानासारखी पिवळट. तीच विंडोजच्या पेंटमध्ये उघडली, तर शुभ्र! मॉनिटरची प्रोफाइल (तो रंग कसे दाखवतो ते सांगणारी) न वाचणारं पेंट खरं बोलत होतं आणि फोटोशॉप इमानेइतबारे चुकीच्या प्रोफाइलचा हुकूम पाळत होतं.

ती प्रोफाइल मॉनिटर बनवणाऱ्यांचीच. ड्रायव्हरच्या अपडेटबरोबर आली आणि न विचारता डीफॉल्ट होऊन बसली. आतले आकडे काढले. लाल, हिरवा, निळा यांच्या एक्सवायझेड किमतींची (रंग मोजायचे तीन आकडे) बेरीज डी५० या ठरलेल्या प्रमाण पांढऱ्यावर यावी लागते, म्हणजे निळेपणा सांगणारा झेड ०.८२५च्या आसपास. इथे तो १च्या वर! सॉफ्टवेअरला वाटलं मॉनिटरच निळा आहे, म्हणून ते निळा कमी करत राहिलं. पोरगा जे दिसेल त्याप्रमाणे निळा वाढवत राहिला. त्याचं काम अगदी चोख होतं.

मॉनिटरला तात्पुरती एसआरजीबी लावली, फोटोशॉप बंद करून उघडलं, पांढरं पांढरं झालं. मग पडद्याचे रंग मोजून प्रोफाइल बनवणारा कॅलिब्रेटर लावून पांढऱ्याची छटा ६५०० केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजेड) २.२, उजळपणा १२० कॅन्डेला. हे यंत्र वर्षभर माझ्याच खणात पडून होतं.

कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइल्स होत्या म्हणून निभावलं. सॉरीही म्हणालो, पण हसत हसत. तशी सॉरी काही खरी नाही. आणि क्लायंटने त्या निळ्यातले १२ फोटो आधीच मोबाइलवर पाहून पास केलेत, "रंग एकदम फ्रेश" म्हणून. त्यांचं काय करायचं, असं पोराने काल विचारलं. अजून उत्तर दिलेलं नाही.