उजवा दी रे म्हाराजा

आमच्या तळकोकणात काही मोठं ठरवायचं म्हटलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "एकदा कौल लावून बघूया." जमीन विकायची असो, स्थळ आलेलं असो, कोणाला दुबईचा जॉब लागलेला असो. आम्ही मुंबईत बसून एक्सेलमध्ये प्लस मायनस मांडणारी माणसं, पण टोकन द्यायच्या आदल्या आठवड्यात गावाला फोन जातोच की गुरवांना विचारा जरा कधी मोकळे आहेत.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या पाषाणावर पाण्यात भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, कुठे तुळशीची पानं असतात तर कुठे तांदूळ, प्रत्येक देवळाची आपापली पद्धत. उजव्या बाजूच्या काही, डाव्या बाजूच्या काही. मग हात जोडून गाऱ्हाणं, "बा देवा म्हाराजा..." आणि मागून आपण सगळे, "व्हय म्हाराजा!" उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गोव्यात मंगेशीला वगैरे ह्यालाच प्रसाद घेणं म्हणतात. आता उजवी म्हणजे देवाची उजवी हं, आपली नाही, त्यामुळे नवीन सून दरवेळी चुकीच्या पाकळीकडे बघून खूश होते आणि कोणीतरी तिला कोपराने ढोसतं.

मग नुसतं बघत बसायचं. पाकळी हळूहळू सुकायला लागते, कड जराशी वर उचलते, आता पडेल आता पडेल असं वाटतं आणि ती तशीच लोंबत राहते. कोणी खोकलं तरी बाकीचे वळून बघतात. पावसाळ्यात हवाच एवढी ओली की पाकळ्या सुकायचं नावच घेत नाहीत, तेव्हा काका म्हणतात देव विचार करतोय आणि माझा इंजिनियर भाऊ म्हणतो ह्युमिडिटी आहे. दोघंही बसून राहतात मात्र, उठत कोणीच नाही.

मला ह्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती पाकळी पडायच्या आधीची. काकांना काजूची बाग विकायची होती. गुरवांसमोर उभं राहून त्यांनी सुरुवात केली, विकू की नको, विकली तर आत्ता की मे महिन्यानंतर, आणि ते पैसे डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये टाकू की मुलाच्या शिक्षणाला ठेवू. गुरव म्हणाले, "नेमक्या काय इचारूचा हा ता आदी ठरवा. देवाक एकच काय ता इचारा." झालं, देवळाच्या पायरीवर अर्धा तास घरच्यांची मीटिंग. आधी कित्येक महिने फोनवर फक्त भांडणं चालली होती, एका वाक्यात प्रश्न काय आहे हे कोणी मांडलंच नव्हतं. शेवटी ठरलं की आत्ता आलेल्या गिऱ्हाइकाला द्यावी का, एवढंच विचारायचं.

डावा कौल आला. आणि खरा उपयोग तर त्यापुढे झाला. गिऱ्हाईक म्हणजे भावकीतलाच माणूस, त्याला "तुला देत नाही" म्हटलं असतं तर पुढच्या गणपतीला तो घरी आला नसता. "देवान नाय म्हटल्यान" म्हटल्यावर त्याने मान डोलावली, चहा घेतला, विषय संपला. नको असलेलं स्थळसुद्धा असंच परत जातं, कोणाचं तोंड वाकडं होत नाही. आणि पुढे भाव पडले किंवा चढले तरी काकू काकांना ऐकवू शकत नाही, कारण ठरवलं काकांनी नाहीच मुळी. देव कोकणात किती घरांचे संसार असे शिव्या खाऊन टिकवत असेल कोण जाणे.

घराचं सोडा, अख्खे गाव ह्यावर चालतात. मालवण तालुक्यात आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथीच नाही, कौल घेऊन तारीख ठरते, ती जाहीर झाली की मुंबईकर रेल्वेच्या तिकिटांवर तुटून पडतात. आचऱ्याला तर काही वर्षांनी गावपळण असते, रामेश्वराने कौल दिला की माणसं, गुरं, कोंबड्या सगळी तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपड्यांत राहायला जातात आणि परत यायलाही कौल लागतो.

एक मात्र मला पटत नाही. मुलीच्या लग्नाचा कौल लावतात आणि मुलगी मुंबईत ऑफिसात. तिच्या नावाने गाऱ्हाणं, पण तिला काय हवंय ते देवालाही कळवलेलं नसतं आणि गुरवांनाही. तिलाच उभं करा की तिथे, विचारू दे तिला काय विचारायचंय ते. अर्जुनाने कसं, स्वतःच्या तोंडाने विचारलं होतं, माझं भलं कशात आहे ते नक्की काय ते सांग. त्यावर अठराव्या अध्यायापर्यंत सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो, यथेच्छसि तथा कुरु, नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. (तीनच श्लोकांनंतर मला शरण ये पण म्हणतो, ते आहेच.) आमच्या गुरवांनी एवढा वेळ घेतला तर रांगेतली माणसं ओरडतील.

सध्या घरात नवीन विषय आहे, डोंबिवलीच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट. आत्याने सोसायटीच्या मीटिंगमध्ये सही करायची थांबवून ठेवलीय आणि मेमध्ये गावाला जाऊन कौल लावणार म्हणते. गुरवांना फोन केला तर त्यांनी सांगितलं, चालेल, या, पण गाऱ्हाण्यात घालायला बिल्डरचं पूर्ण नाव आणि गाव लागेल. आत्या आता कमिटीच्या मागे लागलीय, बिल्डर मूळचा कुठला ते विचारा म्हणून, आणि सेक्रेटरीला वाटतंय ती कायदेशीर चौकशी करतेय.