घाट उतरला की आजोळ

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की सिमरोलपर्यंत माळवा. भेरूघाट उतरला की अंगातला स्वेटर आपोआप निघतो, म्हणजे निमाड आलं. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, खाली नर्मदेचं खोरं. तिथे जानेवारीतही दुपारचं ऊन चटकतं. यंदा धाकट्या भावाबरोबर बऱ्याच वर्षांनी आजोळी गेले, गाडीने.

लहानपणी हा प्रवास मीटरगेजचा. १८७० मध्ये होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि त्यातून ही लाइन झाली, हे फार पुढे वाचलं. आम्हाला ठाऊक होतं ते पाताळपाणी. तिथून गाडी बोगद्यांतून रांगत घाट उतरायची आणि आई "डोकी आत घ्या रे" म्हणून ओरडायची. कालाकुंडला बाबा कलाकंद आणायला उतरत, ते परत डब्यात चढेपर्यंत तिचा जीव टांगणीला. मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदेत नाणं टाकायचं. ते पाण्यात पडलं की लोखंडावर आपटलं, यावर सनावदपर्यंत भांडण चाले. आता ब्रॉडगेजच्या कामामुळे ती गाडी बंद आहे. घाटापुरती हेरिटेज ट्रेन २०१८ मध्ये सुरू झाली, पण तिने आजोळी थोडंच जाता येतं!

आजोळ सनावदच्या पुढे, बेडियाच्या बाजूला. बेडियाची मंडी लाल मिरचीची, आणि आमचं अंगणही. नाताळच्या सुटीत खळंभर मिरच्या वाळत असायच्या. त्यांवर पाय पडता कामा नये, म्हणून संडासला जायचं तरी भिंतीला घासत. दंव उतरलं की आजी मिरच्या पसरायची, ऊन कललं की गोळा करून झाकायची. ओल लागली की मिरचीवर पांढरे डाग पडतात आणि मंडीत भाव पडतो. अशी डागाळलेली, म्हणजे फटकी, वेचून काढणं हे आम्हा पोरांचं काम. हात पेटले की ताकात बुडवायचे, आणि त्याच हातांनी जेवायला बसायचं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. इंदुरी पोहे-जिलबीचं कौतुक मलाही आहे, पण त्या ताटापुढे नाही.

आता खळ्याच्या जागी सिमेंटचा ओटा आहे. मामेभावाने यंदा मिरची निम्म्यावर आणून कापूस वाढवलाय. पांढऱ्या माशीमुळे पानं आकसण्याचा रोग येतो, मग झाड वाढतच नाही. "ताई, औषधवाल्याचा हिशोब केला ना, की वाटतं मिरची त्याच्यासाठीच लावली," तो म्हणाला. मिरचीचे पैसे मात्र घेतले नाहीत. मामीने पोतं बांधताना बजावलं, "उद्याच उन्हात घाल गं, तिकडे थंडी असते तुमच्याकडे." ते पोतं मागच्या सीटवर ठेवलं आणि भाऊ बडवाहपर्यंत शिंकत राहिला.